लूव्र बघून आलेला गृहस्थ

ब्रॅकनेलहून लंडनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये भेटलेल्या त्या गृहस्थाचं नाव मी विचारलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी फोनवर मराठी बोलतोय हे ऐकून तो बायकोसकट समोर येऊन बसला आणि पॅरिसचा वीकेंड सांगायला लागला. लूव्र म्हणजे आधी किल्ला, मग फ्रेंच राजांचा महाल आणि क्रांतीनंतर म्युझियम, हे त्याने तोंडी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं. फोटोंत प्रत्येक खांबापुढे तोच उभा होता. फोटो दोन बोटांनी मोठा करून तो खांब नव्हे, स्वतःचा चेहरा दाखवायचा.

"हिला इंटरेस्टच नाही," बायकोकडे न बघता तो म्हणाला. "तासभर बेसमेंटमध्ये बसली होती."

"तिथे जुन्या किल्ल्याची भिंत आहे," ती मला म्हणाली. "दगडांवर गवंड्यांनी आपापल्या खुणा कोरल्यात. एक तर चक्क बदामाच्या आकाराची. माझे वडील गवंडी होते, तेही अशी खूण करायचे."

"कॉन्ट्रॅक्टर," तो घाईघाईने म्हणाला. "बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर होते."

महालाचं एवढं कौतुक आणि तो बांधणाऱ्या हातांची एवढी लाज! मला त्याची कीवसुद्धा आली नाही.

"गवंडीच होते," ती म्हणाली, आणि या वेळी तिने थेट त्याच्याकडे बघितलं.