थांबाभाऊंचा भीमपलास

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या पायाला भिंगरी असावीच लागते. थांबाभाऊंची भिंगरी मात्र काम सुटल्यावरही सुटत नसे. जेवताना ते दोनदा उठत, पेपर उभ्यानं वाचत आणि खुर्चीत बसलेच तर अर्धेच बसत.

"आपल्याच घरात पाहुण्यासारखे काय बसता?" बायको म्हणे.

"अगं, फोन आला तर?"

"फोन तुमच्या खिशात आहे. तो यायला तुम्ही कशाला उभं राहायला हवं?"

अशा माणसाला थांबाभाऊ हे नाव पडलं ते बाईंच्या घरी, रविवारच्या बैठकीत. बाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत व्हायोलिन शिकवायला घेतलं आणि रविवारी दुपारी चारला चार माणसं जमवायला सुरुवात केली. टेलर मास्तर तबला घेऊन येत. औषधांच्या दुकानातल्या वहिनी तंबोऱ्यावर बसत. थांबाभाऊ व्हायोलिन वाजवत, आणि त्यांची बायको ऐकायला येई. बैठकीची रीत ठरलेली होती. आधी एकानं आपल्या आवडीचं एखादं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवायचं, मग एकानं स्वतः काहीतरी वाजवायचं किंवा गायचं. कुणीच मोठं कलावंत नव्हतं. मास्तरांचा डावा हात शिलाई मशीनवर बसून आखडायचा आणि वहिनींना वरचा सा लागला तर लागायचा. पण रविवार कुणी चुकवत नसे.

रेकॉर्डिंग ऐकवायची पाळी थांबाभाऊंची असली की सगळे हसू दाबून बसत. त्यांना कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला काय आहे ते तोंडपाठ होतं. "आता ऐका हं... आली जागा... ही! ऐकलीत? थांबा, परत लावतो." मग तीच जागा चारदा. पाचव्यांदा लावताना ते म्हणत, "आता निषादाकडे लक्ष द्या." तोवर वहिनींना दुकान उघडायची वेळ होई.

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली," बायको सांगे, "पण कुठलाही राग संपतो कसा, ते मला अजून ठाऊक नाही."

स्वतः वाजवतानाही तेच. आलाप बरा होई, तबल्याचा ठेका सुरू होई, गत, म्हणजे ठेक्यावरची बंदिश, रंगात येणार असं वाटे, तोच भाऊंचा गज वर उचलला जाई. "थांबा, थांबा. पंचम उतरलाय." खुंटी पिळायची, तार सुरात आणायची, पुन्हा पहिल्यापासून. मग कधी गजाला राळ कमी पडलेली असे, कधी खिडकीची कडी वाजे. दुसरं कुणी वाजवत असलं तरी हे मध्येच हात वर करत. कान असा तिखट, की तक्रार खरीच निघायची, त्यामुळे कुणाला भांडताही येत नसे. बैठकीतली सगळी वाद्यं तेच जुळवून देत. मास्तर एवढंच म्हणत, "यांच्याबरोबर वाजवायचं म्हणजे दर पन्नास पावलांवर सिग्नल."

ही खोड गाण्यातली नव्हती, कामातली होती. विसाव्या वर्षी भाऊ लिफ्टच्या कामाला लागले तेव्हा त्यांच्या पहिल्या फोरमननं एकच गोष्ट शिकवली होती: आवाज आला की आधी थांबव, मग बघ. आत माणसं असतात. तेव्हापासून वायररोपची कुरकुर, दरवाज्याची घासण, ब्रेकचा उशिरा आलेला खट् असा आवाज, काहीही कानावर आलं की भाऊंचा हात आपोआप बटणाकडे जाई. बत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही लिफ्टमध्ये कुणाला इजा झाली नव्हती. आणि बाईंकडे शिकायला लागून अकरा वर्षं झाली तरी त्यांची एकही गत शेवटाला गेली नव्हती.

एका रविवारी चहाचे कप गोळा करता करता बाई म्हणाल्या, "मी चाललेय लेकीकडे. कायमची. घर सोडलं. हा गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी निघायचं."

सगळे एकदम बोलू लागले. बाईंनी हात वर केला.

"पुढचा रविवार आहे अजून. त्या दिवशी हा वाजवेल." त्यांनी भाऊंकडे बोट केलं. "भीमपलास. आलाप, गत, शेवटची तिहाई. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"बाई, माझं अजून—"

"तुझं अजून काय ते अकरा वर्षं ऐकतेय. अरे, मी तुला शिकवलं, पण तुला वाजवता येतं की नाही, हेच मला माहीत नाही. जायच्या आधी तेवढं कळू दे."

बाई हे हसत म्हणाल्या, पण भाऊंना ते जिन्यात टोचलं, रस्त्यात टोचलं आणि घरी हात धुताना तर फारच टोचलं. कारण खरं सांगायचं तर वाजवता येतं की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांच्या जिवाला चैन पडली नाही. सोमवारी एका दवाखान्याच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ते तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत ग्रीस लावत होते. खालून वॉर्डबॉयनं चौथ्यांदा हाक मारली तेव्हा ते चौदाव्या मात्रेवर होते, आणि त्याला "दोन राहिल्यात" असं सांगून मोकळे झाले. मंगळवारी त्यांनी मास्तरांना फोन केला.

"मास्तर, ऐका. एक तुकडा लावतो. एकोणिसाव्या मिनिटाला मध्यमावर काय थांबलाय बघा हा माणूस."

"भाऊ, माझ्या हातात कात्री आहे. समोर गिऱ्हाईक उभं आहे."

"मग गिऱ्हाइकालाही ऐकवा."

बुधवारी बायकोनंच उपाय काढला. "मी समोर बसते. वाजवा. थांबलात की मी उठून जाणार."

त्या संध्याकाळी ती अकरा वेळा उठली. पहिल्यांदा सव्वा मिनिटात. मधल्या फेऱ्यांत तिनं भांडी विसळली, कपडे आत आणले, कुकर लावला. अकराव्यांदा उठली तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "बरं झालं, तुमच्यामुळे कामं तरी आटपली."

"तार उतरत होती गं."

"मला नाही ऐकू आली."

"मला आली ना!"

"तेच तर. तुमच्याशिवाय कुणाला येत नाही." ती दारात थांबली. "आणि आली तरी काय होतं? कोण पडणार आहे खाली?"

भाऊंनी पुन्हा खुंटी पिळली. गुरुवारी आणि शुक्रवारी ते मिळून चारदा गतीपर्यंत पोचले. एकदा तर तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा शेवटचा तुकडा, दोन आवर्तनांवर आली होती. तेवढ्यात कंपनीचा फोन वाजला आणि त्यांना हायसंच वाटलं, याची त्यांना नंतर लाज वाटली.

आणि शनिवारी त्यांनी ती चूक केली. दुसरी तार, म्हणजे पंचमाची, किंचित खरखरते आहे असं त्यांना सकाळपासून वाटत होतं. दुपारपर्यंत ती खरखर डोक्यात बसली. चार वाजता त्यांनी तार काढून टाकली आणि नवी चढवली. नवी तार ताण खात जाते, दोन-चार दिवस बसतच नाही, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिला हात लावू नये, हे त्यांनीच बैठकीत सगळ्यांना बजावलेलं. मास्तरांनी एकदा आदल्या दिवशी तबल्याची शाई बदलून आणली तेव्हा भाऊ त्यांना काय काय बोलले होते! पण स्वस्थ बसणं जमत नव्हतं आणि हाताला काहीतरी काम हवं होतं. रात्री झोपायच्या आधी त्यांनी ती तार सहा वेळा चढवली. सहाही वेळा ती उतरली.

रविवारी बाईंची खोली ओळखू येत नव्हती. पुस्तकांची कपाटं रिकामी, भिंतीवर फोटोंच्या जागी फिक्कट चौकोन, कोपऱ्यात दोरीनं बांधलेल्या तीन ट्रंका. सामान हललं होतं म्हणून आवाजही बदलला होता. टाळी वाजवली तर खोली परत उत्तर देत होती. भाऊंनी आल्या आल्या टाळी वाजवून पाहिलीच.

"बस आता," बाई म्हणाल्या. त्या ट्रंकेवर भिंतीला टेकून बसल्या आणि डोळे मिटले.

रेकॉर्डिंगची पाळी त्या दिवशी कुणी घेतली नाही. वहिनींनी तंबोरा छेडला. भाऊंनी तारा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या, पंचमाची खुंटी आणखी थोडी दाबून बसवली. बायकोनं खाकरून दाखवलं. मग त्यांनी गज टेकला.

आलाप बरा झाला. मध्यमावर ते थांबले तेव्हा वहिनींची मान हलली. पायाच्या अंगठ्यापर्यंत आलेली अस्वस्थता गजातून थोडी थोडी बाहेर जाते आहे, असं भाऊंना वाटलं. मास्तरांनी ठेका धरला. गत सुरू झाली. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं. सहाव्यात पंचमाची तार उतरली.

थोडीथोडकी नाही, चांगली अर्धा सूर. मोकळी तार वाजली आणि खोलीतल्या प्रत्येकाला ती ऐकू आली.

आणि मग जे झालं ते याच माणसांच्या हातून होऊ शकत होतं. मास्तरांनी तबल्यावरून दोन्ही हात उचलले. वहिनींनी तंबोऱ्याच्या तारांवरून बोट काढलं. अकरा वर्षांची सवय. तार उतरली की भाऊ "थांबा" म्हणणार, हे त्यांच्या हातांना पाठ झालं होतं. भाऊंनी म्हणायच्या आत ते थांबले. बायको तर उठून उभीच राहिली.

खोलीत एकटं व्हायोलिन उरलं. ठेका नाही, सूर धरायला तंबोरा नाही, आणि चारातली एक तार खोटी. भाऊंचा डावा हात खुंटीकडे निघाला होता. तो अर्ध्यावर होता तेव्हा त्यांची नजर बाईंकडे गेली. बाईंचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी कपाळाला आठी घातली नाही, मान हलवली नाही. फक्त गुडघ्यावरचा त्यांचा हात सोळा मात्रा मोजत होता, आणि तो काही थांबला नव्हता.

भाऊंचा हात परत तारांवर आला.

पुढची तीन-चार मिनिटं त्यांना नंतर नीट आठवत नसत. पंचम त्यांनी तिसऱ्या तारेवर करंगळीनं घेतला. दुसऱ्या तारेवरचा प्रत्येक सूर बोट पुढे सरकवून शोधला. कधी सापडला, कधी जरा बाजूला पडला. घामानं गज निसटत होता. आतून कुणीतरी सारखं ओरडत होतं, थांब, आवाज आलाय, थांब. ते बाईंच्या हाताकडे बघत वाजवत राहिले. दोन आवर्तनं अशी कोरडी गेली. मग समेवर धा पडला. मास्तर परत आले होते. मागोमाग तंबोराही आला. बायको उभीच होती. बसायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

तिहाई आली. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात भाऊ जरासे घाईला आले, मास्तरांनी सांभाळून घेतलं, आणि दोघं समेवर एकाच वेळी पडले नसतील तर फारतर एका केसाचं अंतर असेल.

संपलं.

गज कुठे ठेवायचा हे भाऊंना सुचेना. संपल्यावर काय करतात, ते त्यांनी कधी केलंच नव्हतं. त्यांनी व्हायोलिन खाली ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं.

"माझ्यामुळे झालं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, नेहमीप्रमाणे..."

"मलाही," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी डोळे उघडले. "नवी तार चढवलीस ना काल?"

"हो," भाऊ म्हणाले.

"गाढव आहेस." मग त्या म्हणाल्या, "वाजवतोस. बरं वाजवतोस. निषाद अजून चढा लागतो, तो बघ. पण वाजवतोस."

"बाई, एकदा तार लावून परत वाजवू? आता नीट—"

"नाही!" चौघंही एकदम म्हणाले.

गुरुवारी भाऊ अर्धी रजा टाकून बाईंना निरोप द्यायला गेले. ट्रंका लिफ्टमध्ये चढवल्या, बाईंना शेजारी उभं केलं, तळमजल्याचं बटण दाबलं. दुसऱ्या मजल्याजवळ कुठेतरी खर्र असा आवाज झाला. बारीक, पण भाऊंना ऐकू आला. हात लाल बटणाकडे निघाला.

"मी एकतीस वर्षं ऑपरेटर होते," बाई समोर बघतच म्हणाल्या. "मलाही ऐकू आला. पण गाडी चुकेल."

धोक्याचा आवाज नव्हता. दरवाज्याचा रबर घासत होता, एवढं भाऊंना कळत होतं. त्यांनी हात खिशात घातला आणि तळमजला येईपर्यंत तो तिथेच घट्ट धरून ठेवला.

बाईंना स्टेशनच्या टॅक्सीत बसवलं. टॅक्सी वळणापलीकडे गेली तरी ते थोडा वेळ फाटकाशी उभे राहिले. मग त्यांनी पिशवीतून पाना काढला, लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' ही पाटी लटकवली आणि दुसऱ्या मजल्याकडे जिन्यानं निघाले. दर पायरीला एक मात्रा याप्रमाणे सोळा पायऱ्या झाल्या आणि सम नेमकी वळणावर आली.