जिऱ्याचा द्राक्षरस
काळ्या द्राक्षांचा रस उकळायला लागला की घरभर जो आंबटगोड वास पसरतो, त्याने मला नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवतो. आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये दर महिन्याला येशूच्या आठवणीत सगळे घोटभर द्राक्षरस घेतात, त्या प्रभुभोजनासाठी रस आई घरी करायची. मी तेव्हा दहावीत होते. शनिवारी अभ्यास करता करता घोट घोट घेत मी अख्खी बाटली संपवली आणि घाबरून तिच्यात कोकम सरबत भरून ठेवलं. रंग तर तोच होता! दुसऱ्या दिवशी इवल्याशा पेल्यांतून सगळ्या मंडळीने मीठ-जिरं घातलेला तो 'द्राक्षरस' गंभीर चेहऱ्याने घेतला. बाहेर आल्यावर पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आईला म्हणाले, "वहिनी, यंदा द्राक्षांत जिरं पिकलं वाटतं!" मी तिथेच रडत सगळं कबूल केलं. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. तरी मनात अपराध घेऊन तो पेला घ्यायचा नसतो, म्हणून पुढचे तीन महिने पेल्यांचं ताट आलं की मी ते तसंच पुढे सरकवायची. शेवटी आई कुजबुजली, "अगं, मी सोडलं, देवाने सोडलं, आता तूच कशाला धरून बसलीस? घे, आज जिरं नाही." मला हसू फुटलं आणि मी पेला उचलला. आई जाऊन आता चार महिने झाले. तिच्या आजारपणात औषधावरून मी एकदा तिच्यावर ओरडले होते, ते मनातून जाईना, म्हणून ताट पुन्हा पुढे सरकवत होते. आज रस मी केला आहे. सवयीने चाखून पाहिला. जिरं नाही. उद्या मी घेणार.