माझ्या एकादशीचं पाणी

गिरगाव चौपाटीवर बायकांना कयाक चालवायला शिकवतात हे कळल्यावर मुलीने मला न विचारताच माझं नाव दिलं. आमच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या शेजारणीने आपलं स्वतःच दिलं. दोघींना मिळून एकच कयाक. ती पुढे, मी मागे. मी फारशी बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं मला ऐकायला आवडतं. महिनाभर मी वल्हं मारलं आणि तिच्या सुनेचे पराक्रम ऐकले.

"डावीकडे घे गं. आणि काल काय केलान माहितीय? सोलकढीत साखर!"

मग शिकवणारी मुलगी म्हणाली, "रविवारी परीक्षा. एकटीने पाण्यात तरंगणाऱ्या त्या नारिंगी पिंपाला वळसा घालून पंचवीस मिनिटांत परत यायचं. सात ते साडेदहा मी इथे आहे. वारा आणि पाणी बघून वेळ ज्याची त्याने ठरवायची. जी पास होईल तिला एकटीची कयाक."

एकटीची! मला रात्री त्याचीच स्वप्नं. नापास झाले तर पुन्हा तिच्या मागे, सुनेसकट.

बाकीच्या बायका फोनमध्ये भरतीची वेळ बघत होत्या. मला त्याची गरज नव्हती. माझे वडील गावी खाडीत होडी घालायचे. त्यांनी शिकवलेला हिशोब तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी होते. रविवारी माझा एकादशीचा उपास. अकराची पाऊणपट सव्वाआठ. तेव्हा पाणी थोडा वेळ थांबतं, ना आत ओढत ना बाहेर. सकाळचा वारा जमिनीकडून सुटतो, तो जाताना पाठीशी. येताना जरा जोर लावला की झालं.

सव्वाआठला निघाले. पाणी कुठलं थांबतंय! समोरून ढकलतच होतं. वारा मागून, पाणी पुढून, मधे माझी कयाक टुणटुण उड्या मारत होती. पाच मिनिटांनी वळून बघितलं, तर किनारा अजून पाठीलाच चिकटलेला.

किनाऱ्यावरून शेजारीण ओरडली, "अगो, जातेयस की येतेयस?"

सगळ्या हसल्या. मला पाण्यात उडी मारावीशी वाटली. पण उडी मारली तर भिजलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये सगळ्यांसमोरून चालत यावं लागलं असतं. त्यापेक्षा वल्हं मारणं बरं.

पिंपाला वळसा घालेपर्यंत सतरा मिनिटं झाली होती. आणि तेवढ्यात वारा पडला. पाणी मात्र आतच येत होतं. मी नुसतं वल्हं टेकवावं आणि कयाकने पळावं! चोविसाव्या मिनिटाला वाळूला लागले.

शिकवणाऱ्या मुलीने सगळ्यांना जवळ बोलावलं. "बघितलंत? अंगात ताकद होती तेव्हा मावशींनी उलटं पाणी घेतलं. दमल्यावर पाण्यानेच त्यांना आणलं. मावशी, हे कुठे शिकलात?"

मी खाली मान घातली. न बोलण्याचा इतका फायदा मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

शेजारीण साडेनऊनंतर निघाली. तोवर ओहोटी लागली होती आणि वाराही पुन्हा सुटला होता. जाताना तिने आम्हाला हात केला. येताना दोन्ही हात वल्ह्यावर, तरी जागच्या जागी. शेवटी मोटरबोटीने दोरी बांधून आणलं.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. एकादशी शनिवारीच लागून गेली होती. आमच्याकडे भागवत एकादशी धरतात, म्हणून उपास दुसऱ्या दिवशी. पाण्याच्या लेखी मात्र रविवारी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. मी पाऊण तास चुकले होते.

संध्याकाळी शेजारीण वर आली. हातात उपासाची बटाट्याची भाजी. आवाज एकदम मऊ. "पुढच्या रविवारी पुन्हा घेणार आहेत. मी किती वाजता जाऊ ते सांग ना. तुला कळतं पाण्यातलं."

यावेळी मी कॅलेंडर दोनदा बघितलं आणि तिला अगदी बरोबर वेळ काढून दिली. ती पास झालीच पाहिजे होती. नाहीतर जोडीला कुणीतरी लागतं म्हणून त्या मुलीने मलाच पुन्हा तिच्या मागे बसवलं असतं.

ती एकोणीस मिनिटांत आली. आता दोघींच्या दोन कयाकी. तिचं बोलणं अजून ऐकू येतं, पण वारा तिच्याकडून माझ्याकडे असेल तरच. मी तो बघूनच बाजू धरते.