अडचणींच्या फॉर्मची नक्कल

माझा कागद मी लांबूनच ओळखला. खालच्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता. कॉलेजच्या मदत केंद्राच्या सरांनी तो माइकसमोर धरला आणि भरलेल्या हॉलला तेलुगूत म्हणाले, "नाव मी घेणार नाही. पण आपल्या फर्स्ट इयरची एक मुलगी काय लिहिते, ऐका."

मग त्यांनी वाचलं. माझ्या मराठीचं तेलुगू करत, सावकाश. ही मुलगी महिन्याचे चार दिवस कॉलेजला येत नाही. तिला वर्गात उभं केलं की घाम फुटतो. हजेरीला 'येस सर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज निघत नाही. ती मेथीच्या ढिगाशेजारी बसून अभ्यास करते. चार दिवसांवर ते मुद्दाम थांबले. मागच्या बाकांवर पोरं खिदळायला लागली. कुणीतरी शीळ घातली.

"भीमपूरकडची मुलगी आहे, भाजीवाल्यांची," सर पुढे म्हणाले. "अशा घरातून मुलं येतात. बोलत नाहीत. आमच्या केंद्राने त्यांना बोलतं केलं."

नाव घेतलं नाही हो त्यांनी. शब्द पाळला. पण भीमपूरकडून येणारी भाजीवाल्याची पोरगी आख्ख्या फर्स्ट इयरमध्ये एकच होती. डोकी वळली. माझ्या मांडीवर रिकामी थैली होती. सकाळी तीच थैली भरून मी आमच्या मळ्यातली वांगी आणली होती, कारण सर म्हणाले होते, हैदराबादहून कॉलेज तपासायला कमिटी येते आहे, त्यांच्या जेवणाला ताजी भाजी हवी. मी कौतुकाने आणली. कोवळी, एकसारखी, निवडून. बस दीड तासाची, तेवढा वेळ थैली मांडीवर धरून बसले होते, वांग्यांना मार लागू नये म्हणून.

मंचावर कमिटीच्या बाई होत्या आणि त्यांच्यासोबतचे दोन गृहस्थ. त्यांच्यासमोर निर्मलच्या लाकडी फळांच्या परड्या ठेवल्या होत्या, भेट म्हणून. आंबा, सीताफळ, केळी, सगळं रंगवलेलं. बाई माझं दुःख ऐकून मान हलवत होत्या.

मला तेव्हा एकच कळलं. आज मी इथून खाली मान घालून गेले, तर उद्या या कॉलेजात पाऊल ठेवू शकणार नाही. शिक्षण इथेच संपलं.

हा कागद मी दिला कसा, तेही सांगते. त्यात चूक माझी होती.

आमच्या कॉलेजात त्या वर्षी नवीन आलेल्यांसाठी मदत केंद्र निघालं. मुलांसाठी आणि नव्या लेक्चररांसाठीही. मुलांनी आपल्या अडचणी लिहायच्या, नव्या शिक्षकांनी आपल्या. सायक्लोस्टाईल केलेला फॉर्म, त्यावर ओळी आखलेल्या. केंद्राचे सर म्हणजे गावातलं जुनं मराठी घराणं. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील वकील, भाऊ बँकेत. त्यांच्या घरची मराठी छापील पुस्तकासारखी. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, तेलुगू माध्यमात ढकलली गेलेली. दोन वर्षं घोकंपट्टी करून पास झाले होते. कॉलेजात कुणी मराठी बोललं की मला हायसं वाटायचं.

सरांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "अगं, आपल्या भाषेत लिही. मीच वाचणार आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही."

आपल्या भाषेत. एवढ्यावर मी विकली गेले. आमच्याकडच्या माणसाची ही खोड आहे. तेलुगू साहेबापुढे आम्ही तोंड शिवून बसतो, आणि कुणी मराठीत 'अगं' म्हटलं की पोटातलं सगळं ओतून मोकळे होतो. जणू भाषा एक म्हणजे ताट एक.

घरी फॉर्म काढला तेव्हा माय मेथीच्या जुड्या बांधत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण छापील कागद दिसला की तिचे डोळे बारीक व्हायचे.

"कायचा कागद हाये?"

"अडचणी लिहून द्यायच्या हायेत. सर मदत करणार."

"मंग तोंडानं सांग ना. कागदावर काऊन मांगून राह्यले?"

मी हसले. म्हणाले, "ते आपलेच हायेत, माय. मराठी."

"पटवारीबी मराठीच होता," माय म्हणाली आणि जुडीला गाठ मारली.

पटवाऱ्याची गोष्ट आमच्या घरात बोलली जायची नाही, पण सगळ्यांना पाठ होती. बाच्या तरुणपणी पटवाऱ्याने गोड बोलून त्याच्याकडून एका दरखास्तीवर दस्तखत घेतली. पुढे पहाणीत, म्हणजे जमिनीच्या दप्तरात, आमच्या मळ्याचा विहिरीकडचा तुकडा पटवाऱ्याच्या मेहुण्याच्या नावावर निघाला. बा तहसीलला गेला तर कारकून म्हणाला, तूच तर लिहून दिलंस. काय लिहून दिलं होतं, हे दाखवायला बाजवळ काहीच नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात नक्कल ठेवल्याशिवाय एक कागद बाहेर जात नाही. साधा शाळेच्या दाखल्याचा अर्ज असला तरी खाली कार्बन. बाच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा नकला जास्त.

बा उठला. कार्बन आणून माझ्यापुढे ठेवला.

"बॉलपेननं लिही. दाबून," एवढंच म्हणाला.

मी दाबून लिहिलं. फॉर्मखाली कार्बन, कार्बनखाली वहीचा कोरा कागद. त्यामुळे नकलेवर प्रश्न नव्हते, नुसती माझी उत्तरं होती. मी खरं खरं लिहिलं. एवढं खरं मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. कागद देताना बा म्हणाला, "कचेरीतून जवाब येत नाई तवर नक्कल जवळ ठेवजो." त्याच्यासाठी कॉलेजही कचेरीच होती. मला त्याची कीव आली. पण त्याचं मन राखायला मी नक्कल घडी करून थैलीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि विसरून गेले.

आता हॉलमध्ये माझे कान तापले होते. सरांनी शेवटचं वाक्य वाचलं, टाळ्या पडल्या, आणि मला जाणवलं की काहीतरी गेलं आहे. मी जेवढं लिहिलं होतं तेवढं वाचलंच नव्हतं. मी चार दिवस येत नाही, हे वाचलं. का येत नाही, हे गिळलं. मराठी कागद, तेलुगूत वाचलेला. कोण तपासणार?

माझा हात थैलीत गेला.

मी उभी राहिले. मराठीतच बोलले, कारण दुसरी भाषा सुचली नाही. "सर, तुमी अर्धंच वाचलं."

सरांनी ऐकलं नाहीसं केलं. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. ते हसून माइकमध्ये म्हणाले, "कूर्चो अम्मा." बस, बाई. मग माइकवर हात ठेवून, मंचावरच्यांना कळणार नाही अशा मराठीत, "खाली बस. तुझ्या भल्यासाठीच करतोय मी."

"माझ्याजवळ नक्कल हाये," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. निजामाच्या कचेरीत पिढी गेलेला माणूस. नक्कल म्हणजे काय, त्यांना सांगावं लागलं नाही.

कमिटीच्या बाईंनी विचारलं, काय म्हणते ही? मी माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं की हा माझाच कागद आहे, यात अजून लिहिलेलं आहे. ज्या तेलुगूची मला लाज वाटायची, तीच. बाई म्हणाल्या, "मोत्तं चदुवम्मा." सगळं वाच.

मी वाचलं. एक ओळ मराठीत, मग तिचं माझं तेलुगू. मुलींच्या संडासात पाणी नाही, नील्लु लेवु, म्हणून मी चार दिवस येत नाही. त्या दिवसांची गैरहजेरी लागते आणि आमची हजेरी कमी पडते. शुक्रवारी मदत केंद्राचा तास असतो, पण खोलीला कुलूप असतं. आम्ही व्हरांड्यात बसतो आणि शिपाई रजिस्टर फिरवून सह्या घेतो. शिकवतात ते कळत नाही, विचारलं तर एक सर म्हणतात, भाजीच विकायची आहे ना तुला.

शीळ नाही, खिदळणं नाही. मला चेव चढला. खरं सांगायचं तर मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. मी थांबलेच नाही. पुढची ओळही वाचली.

"अर्थशास्त्राचे नवे सर स्वतःच घाबरतात. तास सुरू करताना त्यांचे हात थरथरतात. त्यांनाही कुणीतरी शिकवावं."

हे मी कणव येऊन लिहिलं होतं. देवाशपथ. नवे सर बेज्जूरकडच्या जंगलपट्ट्यातून आलेले, त्यांच्या घरातले पहिलेच शिकलेले. आमच्यासारखाच त्यांनीही अडचणींचा फॉर्म भरला होता. पण कणवेने लिहिलेली ओळ माइकवर कणवेची राहिली नाही. हॉल फुटला. सगळे हसले. मघाशी मला हसले होते त्याहून मोठ्याने, कारण आता हसायला मोकळीक होती, हसणं माझ्यावर नव्हतं.

नवे सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

मी खाली बसले. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. लाकडी फळं घेऊन कमिटी गेली. माझी वांगी जेवणात होती की नाही, ठाऊक नाही.

पुढे काय झालं ते विचाराल तर फारसं काही नाही. पुढच्या कमिटीच्या आदल्या दिवशी संडासाबाहेर पाण्याचा ड्रम आला आणि कमिटी गेल्यावर तो ऑफिसात गेला. केंद्राच्या सरांनी मला पुन्हा 'अगं' म्हटलं नाही. इंटर्नलला मार्क कापले. मी कॉलेज सोडलं नाही. रोज गेले, मान वर करून, आणि त्या चार दिवसांतसुद्धा गेले. त्यासाठी घरून पाण्याची कॅन नेली.

नवे सर मात्र वर्ष संपायच्या आत गेले. बदली झाली म्हणे. कुणी म्हणालं, सोडून गेले. मी त्यांना एकदाच व्हरांड्यात गाठलं आणि म्हणाले, "सर, चुकलं माझं."

ते म्हणाले, "तू जे वाचलंस ते खरंच होतं." आणि खडू घेऊन वर्गात गेले. त्यांचे हात अजून थरथरत होते.

लोकांना मी माझी गोष्ट सांगते तेव्हा बहुतेक जण नकलेपाशी थांबतात. वा, काय बाणेदार! मला ते पचत नाही. माझा कागद माझ्या परवानगीशिवाय वाचला म्हणून मी पेटून उठले आणि पाच मिनिटांत दुसऱ्याची लाज त्याच माइकवर टांगली. बळी जायला वेळ लागतो, बळी द्यायला लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी फॉर्मवर संशय घेते. गोड बोलणाऱ्यांवर घेते. आणि सगळ्यात जास्त माझ्यावर घेते.

आता मी स्वतः लेक्चरर आहे, याच जिल्ह्यात. यंदा पहिल्या वर्षाच्या मदत केंद्राचं काम माझ्याकडे आलं. कपाट, किल्ली आणि फॉर्मचा गठ्ठा. फॉर्म आता कॉम्प्युटरवर छापलेला असतो, ओळी मात्र त्याच. नव्या शिक्षकांचा वेगळा, गुलाबी कागदावर.

पहिल्याच तासाला मी मुलांना म्हणाले, "पाणी नाही, पुस्तक नाही, तास होत नाही, हे बिनधास्त लिहा. स्वतःच्या लाजेचं काही लिहू नका, दुसऱ्याच्या तर मुळीच नाही. जे लिहाल त्याची नक्कल ठेवा. मी मराठी बोलते, मी तुमच्यासारख्याच घरातली आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, हजेरीला जिचा आवाज निघत नाही, तिने वहीतून एक कोरं पान फाडलं आणि फॉर्मखाली ठेवलं. तिला कार्बन मी दिला.

काल प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं. कमिटी येते आहे. म्हणाले, "मॅडम, दोन-तीन चांगल्या केसेस काढून ठेवा. हृदयाला भिडतील अशा. स्टेजवर वाचू."

मी म्हणाले, "नाही देणार."

"नाव घेणार नाही हो आपण."

"माहीत आहे मला, नाव न घेता कसं घेतात ते."

ते म्हणाले, फाईल केंद्राची आहे, तुमची नाही. बरोबर आहे. म्हणून आज दुपारी मी वर्गात जाऊन एकेकाचा फॉर्म त्याच्या त्याच्या हातात परत दिला. स्टाफरूममध्ये जाऊन गुलाबी कागदही परत दिले. मग खोलीत बसून एक कोरा फॉर्म घेतला, खाली कार्बन ठेवला आणि बॉलपेनने दाबून लिहिलं: मुलींच्या संडासात पाणी नाही. नव्या शिक्षकांना पुस्तकं मिळत नाहीत. मुलांच्या अडचणी स्टेजवर वाचायला मागितल्या गेल्या, मी दिल्या नाहीत. खाली माझं नाव, सही, हुद्दा.

उद्या कमिटी कपाट उघडेल तेव्हा आत हा एकच कागद असेल. तो त्यांनी वाचावा. अर्धा वाचला तर मी उभी राहीन, आणि या खेपेला माझ्या नकलेवर दुसऱ्या कुणाचीही लाज नाही.