भावोजींचं वायरिंग आणि ताईचे रंग

पिकलेला हापूस आणि कच्चा हापूस यांतला फरक डोळ्यांना कळत नसताना रत्नागिरीत सदुसष्ट वर्षं मानाने राहिलेला माणूस दाखवा, असं कुणी म्हटलं तर मी आमच्या भावोजींना पुढे करीन आणि पैज जिंकून घरी येईन. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते रंगांधळे आहेत. तांबडा, हिरवा आणि तपकिरी ही त्यांच्या लेखी एकाच घरातली एकसारखी दिसणारी तीन भावंडं. निळा आणि पिवळा तेवढे त्यांना चेहऱ्याने ठाऊक. वडिलांची आंब्याची बाग असल्यामुळे लहानपणापासून अढीतला आंबा ते नाकाला लावून आणि देठाशी अंगठा दाबून निवडत आले, आणि त्यात ते डोळसांपेक्षा कमी चुकले. तरुणपणी त्यांना बोटीवर नोकरी हवी होती. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि ती बोट तिथेच सुटली. मग ते भूगोलाचे मास्तर झाले. एका मुलाने परीक्षेच्या नकाशात तपकिरीऐवजी अख्खा सह्याद्री हिरवागार रंगवला होता, त्याला यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "पावसाळ्यातला आहे."

घाई हा शब्द भावोजींच्या कोशात नाही. नळाचा वायसर बदलायचा तरी ते आधी वहीत नळाचं चित्र काढतात. लग्नाला निघताना ते इतक्या आधी तयार होतात की वाट बघून कंटाळून पुन्हा कपडे बदलतात आणि मग सगळ्यांना उशीर होतो. ताईचा स्वभाव बरोबर उलटा. तिला सगळं कालच व्हायला हवं असतं. चाळीस वर्षं ती पुढे चालली आणि हे मागून सावकाश येत राहिले. दोघांमध्ये बोलणं असं फार नव्हतंच. "जेवायला वाढलंय" आणि "आलो" एवढ्यावर त्यांचे दिवसच्या दिवस निभत.

तर अशा या माणसाने एका लहानशा पांढऱ्या गाडीत टर्बो इंजिन बसवायचं मनावर घेतलं, त्याला कारण आमचं माहेर. आमचं माहेर मंडणगडच्या पुढे, डोंगरात. भावोजींची गाडी गुणाची, पण जीव चिमणीचा. एका मे महिन्यात आम्ही चौघं त्या गाडीतून आईला घरी पोचवायला निघालो होतो. शेवटच्या मोठ्या चढावर गाडीने मान टाकली. आधी एसी बंद केला, मग ताई उतरली, मग मी उतरले, आणि तरीही भागेना तेव्हा ऐंशी वर्षांची आमची आई नारळाची पिशवी घेऊन खाली उतरली. गाडी पुढे आणि आम्ही तिघी मागून चालत, अशी ती वरात चालली असताना शेजारून एसटी गेली. खिडकीतून एकाने ओरडून विचारलं, "आज्ये, ढकलूक येव काय?" आई हसली, आम्हीही हसलो. भावोजी तेवढे हसले नाहीत. माथ्यावर पोचल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी हा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा. एसी लावून."

आम्हाला वाटलं, नवी गाडी घेतील. पण वापरात असलेली वस्तू टाकून देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत गॅरेज असलेल्या मुश्ताकभाईंशी त्यांनी महिनाभर खल केला, परवानगीचे कागद रीतसर केले, आणि मागून चेचलेल्या एका गाडीचं टर्बो इंजिन कोल्हापूरकडून आणवलं. मुश्ताकभाईंनी ते पंधरा दिवसांत पांढऱ्या गाडीत बसवून दिलं. वायरिंग करायला ते सरसावले तेव्हा भावोजींनी हात आडवा केला. "बसवणं तुमचं. वायरिंग मी करणार. ते डोक्याचं काम आहे."

मुश्ताकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सरांना लाल-हिरवा कळत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग अल्लाच मालिक."

जुन्या इंजिनाच्या वायरी मोजक्या होत्या. या नव्या इंजिनाला स्वतःचा मेंदू होता, पत्र्याच्या डबीतला. हवा किती आली, पेट्रोल किती सोडायचं, टर्बोचा दाब किती, सगळं त्या डबीला कळवायला शेकडो वायरी, आणि जिची तिची ओळख रंगावरून. ही सगळी जटा जुन्या गाडीच्या जटेशी जुळवायची होती. भावोजींनी ती ओटीवर चटईवर पसरली, वर्गातल्यासारखा एक मोठा नकाशा काढला आणि त्यात प्रत्येक वायरीला नदी मानून उगम, संगम आणि मुख लिहायला सुरुवात केली. नद्यांना नावं हवीत म्हणून त्यांनी आत हाक मारली, "अगो, जरा बाहेर ये. हा रंग कुठला?"

ताई हात पुसत आली, बघून म्हणाली, "आमसुली."

ताईला इंजिनाबरोबर आलेल्या छापील तक्त्यातले रंग ठाऊक नव्हते. तिला साड्यांचे रंग ठाऊक होते. तक्त्यात नुसतं तपकिरी असायचं, तिच्याकडे काथा, विटकरी आणि चॉकलेटी असे तीन वेगळे. हिरव्यात पोपटी, शेवाळी, कैरी. लाल नावाचा रंग तर तिच्या मते नव्हताच. डाळिंबी असतो, कुंकवाचा असतो, मिरची असतो. भावोजी प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधत आणि मास्तरी अक्षरात लिहीत, 'अबोली, उगम पेडल, मुख मेंदू'. दुपारी चारचा चहा झाला की दोघं ओटीवर बसत ते दिवेलागणीपर्यंत. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्यासाठी उंच पाट केला होता. मी शाळेतून येताना त्यांच्या घरावरून जायची, तेव्हा बहुतेक वेळा वाद रंगलेला असे.

"काल तू हिला वांगी म्हणालीस."

"काल ढग होते. आज ऊन आहे. आज ती जांभळीच आहे."

"वायर एकच आहे गो!"

"साडीसुद्धा एकच असते. दुकानात वेगळी दिसते, घरी वेगळी."

अशाच एका मतभेदातून वायपर लावला की हॉर्न वाजायला लागला, आणि तो कुठून वाजतो हे शोधण्यात गणपतीचे चार दिवस गेले. दुसऱ्या एका चुकीने रेडिएटरचा पंखा किल्लीशिवायच सुरू झाला आणि थांबेना. भावोजी वही उघडून नदीचा उगम शोधत बसले. ताईने वाळत घातलेल्या आंबापोळीचं ताट आणून पंख्यापुढे धरलं आणि म्हणाली, "सावकाश शोधा."

अशी तीन वर्षं गेली. गाडी दारात उभी, बॉनेट उघडं, आतून चिठ्ठ्या लोंबताहेत, एखाद्या नवसाच्या झाडासारख्या. माहेरी जायला आम्ही एसटी धरत होतो. येणारा जाणारा विचारी, "सर, कधी सुरू व्हायची?" भावोजी म्हणत, "होईल."

आता माझ्या भागाकडे यायला हवं. मला हे सगळं ताईवरचा अन्याय वाटायचं. दुखऱ्या गुडघ्यांची बाई रोज तीन तास पाटावर बसून वायरींचे रंग सांगते, हे मला बघवत नसे. आणि तीही मला म्हणायचीच ना, "माझं मेलं अर्धं म्हातारपण या वायरींत गेलं, कुंदे." मी ते अक्षरशः घेतलं. मी गणिताची शिक्षिका. मला उत्तर काढायची सवय.

ते दोघं दहा दिवस लेकीकडे पुण्याला गेले आणि झाडांना पाणी घालायला घराची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा मी मुश्ताकभाईंना गाठलं. गाड्यांचं वायरिंग करणारा चांगला माणूस द्या, म्हटलं. ते घुटमळले.

"सरांना विचारलंत?"

"त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा आहे."

"मॅडम, एकदा विचारा. सरांचं काम आहे ते."

"तीन वर्षं झाली, मुश्ताकभाई. माझ्या बहिणीचे हाल बघवत नाहीत मला."

त्यांनी फोन लावला. दुसऱ्या दिवशी चिपळूणहून एक चाळिशीचा, कमी बोलणारा गृहस्थ लॅपटॉप घेऊन आला. चिठ्ठ्या बघून मात्र तो बोलला. "हे काय, साडीचं दुकान आहे का?" मी हसले. त्याच्याबरोबर हसले, हे मला अजून आठवतं. त्याने सगळ्या चिठ्ठ्या कापून काढल्या, जुनी जटा उपसली, नव्या वायरी टाकल्या, काळ्या टेपमध्ये गुंडाळल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी टाळ्या वाजवल्या. मग ओटी झाडली. चिठ्ठ्या, वायरींचे तुकडे आणि तो घड्या पडलेला नकाशा, सगळं पिशवीत भरून सकाळी घंटागाडीत टाकलं. घर कसं लख्ख दिसत होतं.

ते आले त्या संध्याकाळी मी ओवाळणीचं तबक घेऊन दारात उभी होते. भावोजींना गाडीत बसवलं, "किल्ली फिरवा" म्हटलं. त्यांनी फिरवली. गाडी घुमली, टर्बोची बारीक शीळ आली. ताई पायरीवर उभी होती. तिने एकदा गाडीकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. भावोजी उतरले, बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिले. आत बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं काळ्या टेपखाली नीट झाकलेलं होतं.

"चिठ्ठ्या कुठायत?" त्यांनी विचारलं.

"टाकल्या. कचराच होता ना आता."

"हो. आता कचराच." त्यांनी बॉनेट हळूच लावलं. "काम स्वच्छ आहे हो. माणूस हुशार दिसतो."

ताई चहा टाकते म्हणून आत गेली. तो चहा बाहेर यायला फार वेळ लागला.

पुढच्या महिन्यात आम्ही माहेरी गेलो. तो चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली, एसी लावून. मी मागून म्हटलं, "भावोजी, चढलो की!" ते म्हणाले, "चढलो." ताई खिडकीतून बाहेर बघत होती. आईच्या घरी आम्ही इतक्या लवकर पोचलो की तिचा भातसुद्धा झाला नव्हता.

त्यानंतर मी शाळेतून येताना त्या घरावरून जायची तेव्हा ओटी रिकामी असे. भावोजी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन, ताई आत टीव्हीपुढे. "जेवायला वाढलंय." "आलो." मला आधी ते विसाव्यासारखं वाटलं. मग एका संध्याकाळी मी ताईला कौतुकाने म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुंदे, लग्नाला चाळीस वर्षं झाली. तुला काय दिसतं, असं ह्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. ती तीन वर्षं रोज विचारायचे."

मी म्हटलं, "पण तूच म्हणायचीस ना, अर्धं म्हातारपण गेलं म्हणून?"

"म्हणायचे गो. तेवढं म्हणायला काय जातं?" आणि तिने शेंगांच्या शिरा काढून वाटीत टाकल्या.

मी निस्तरायचा प्रयत्न केला. एक जुनी बंद पडलेली स्कूटर मिळवून त्यांच्या दारात आणून लावली. भावोजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, "बघू" म्हणाले, आणि पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री घातली. तिची काळजी घेतली म्हणायचं, इतकंच. चिपळूणच्या माणसाला फोन करून जुन्या वायरी त्याच्याकडे आहेत का विचारलं. तो म्हणाला, "त्या तुम्हीच भरल्यात ना पिशवीत?"

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी मला खाडीपलीकडे जायचं होतं. भावोजी म्हणाले, सोडतो. जयगडच्या धक्क्यावर आम्ही फेरीबोटीची वाट बघत गाडीतच बसलो. समोर पाणी, लांब बंदराच्या क्रेन. बरेच दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं.

"भावोजी, माझं चुकलं. विचारायला हवं होतं मी."

त्यांनी आधी गाडीची काच पूर्ण खाली घेतली. त्यांचं काहीच लगेच नसतं. मग म्हणाले, "तू मायेने केलंस, कुंदे. वाईटपणाने केलं असतंस तर भांडलो असतो. मग मिटलंही असतं."

मी मान वळवून बाहेर बघितलं. पलीकडच्या काठावरून बोट नुकती सुटली होती, अजून लहान दिसत होती. ती येईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसून राहिलो.