काच वर घे

चाळीच्या चौकात उभ्या राहून सिस्टर हवेत मूठ गोल फिरवायच्या, शिवणयंत्राचं चाक फिरवावं तशी. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंच्या खांद्यात उसण भरली असावी. चाळीतल्या माणसाला मात्र ठाऊक असायचं, की त्या फिरणाऱ्या मुठीचा अर्थ एकच होता: चल, गाडीत बस.

गाडीत बसलं की पुढची वाक्यं ठरलेली. "माझी काच मी घेते. तुझी तू वर घे." मग दोन्ही बाजूंच्या मुठी करकर फिरायच्या, भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा सगळा कलकलाट बाहेर राहायचा आणि सिस्टर समोर बघत म्हणायच्या, "आता बोल."

सिस्टर म्हणजे परळच्या एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. त्यांना नाव होतं, रेशनकार्डावर असणारच, पण आम्ही ते कधी वापरलं नाही. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, लग्न केलं नाही, आई गेल्यावर खोलीत एकट्या. बोलायच्या आपल्यासारखंच, पण डोकं फिरलं की सरळ मालवणीत उतरायच्या. तुमच्याही चाळीत, सोसायटीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे कुणी सल्ला मागायला जात नाही आणि तरी सगळे जाऊन बसतात. आमच्याकडे ते माणूस गाडीसकट होतं.

गाडी घेतली तेव्हा मी बरोबर होतो. माझा धंदा वाहन विम्याचा, आणि तोंड बंद न ठेवणं हा त्या धंद्याचा नियम. पहिल्या शोरूममध्ये विक्रेता सिस्टरना ओलांडून मला म्हणाला, "सर, मॅडमना मागे बसायला भरपूर जागा आहे." सिस्टर पर्स उचलून उठल्या. दुसरं शोरूम एका जपानी कंपनीच्या स्वस्तातल्या गाड्यांचं होतं. तिथल्या मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ली सिस्टरच्या हातात दिली आणि विचारलं, "मॅडम, पाय पोचतात ना? सीट पुढे घेऊ?" सिस्टर उंचीला बेताच्या. पाय पोचले. गाडी ठरली.

मी बाहेर येऊन त्यांना समजावलं. म्हटलं, ह्या गाडीचं नाव फार जुनं आहे. तीन जपानी भागीदारांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन ते सुरू झालं. जगभर गाड्या विकल्या, आणि मग एक दिवस कंपनीने नावच मोडीत काढलं. पंचवीस-तीस वर्षं कुणी त्याची आठवण काढली नाही. आता आपल्यासारख्या, पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या लोकांसाठी तेच नाव पुन्हा बाहेर काढलंय. उद्या परत गुंडाळलं तर?

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. "तीन भागीदार होते?"

"होय."

"आणि नाव ठेवताना भांडले नाहीत?" त्यांना त्याचंच कौतुक. मी पुन्हा 'पण' म्हणताच त्या म्हणाल्या, "गाडी माझी, पैसे माझे, तुझ्या पोटात कित्याक दुखता?"

गाडी आली तेव्हा अख्खी चाळ बघायला उतरली आणि अख्खी चाळ हसली. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये फट नव्हती, बाक होता सलग. हँडब्रेक खाली नव्हता, समोरून छत्रीच्या दांड्यासारखा ओढायचा. काचा हाताने फिरवायच्या. आणि रेडिओच्या जागी रेडिओ नव्हता, फक्त मोबाइल अडकवायचा एक प्लास्टिकचा चिमटा होता. "सिस्टर, गाणी?" कुणीतरी विचारलं. "तू गा," सिस्टर म्हणाल्या.

चालवायला त्या साठीच्या उंबरठ्यावर शिकल्या. गाडी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये जायची. तिसरा गिअर त्यांनी पाहिला होता, वापरला नव्हता. पण खरं सांगायचं तर गाडी फारशी चालायचीच नाही. चौकात बदामाच्या झाडाखाली एक जागा मिळाली होती, आणि मुंबईत मिळालेली जागा सोडून गाडी बाहेर काढणं म्हणजे पायावर धोंडा. दादरला भाजी आणायला सिस्टर टॅक्सीने निघाल्या की कुणीतरी हटकून विचारायचं, "का हो सिस्टर, गाडी आहे ना?"

"आहे ना. म्हणून तर टॅक्सीने जाते."

तर अशी ती उभी गाडी. तिचा खरा उपयोग पहिल्यांदा कळला तो स्नेहलमुळे. ही वरच्या मजल्यावरच्या घरात नवी सून म्हणून आलेली. एका खोलीत सात माणसं. पोरीला आईची आठवण आली तरी रडायचं कुठे? मोरीत बादलीत नळ सोडून त्या आवाजात रडायची. चाळीला वाटलं, मुलगी फार टापटिपीची आहे, सारखं धुणं काढते. सिस्टरना तसं वाटलं नाही. त्यांनी खालून हाक मारली, मूठ फिरवली. दोघी गाडीत बसल्या. काचा वर गेल्या. आम्ही गॅलरीतून नुसते बघत होतो, ऐकू काही येत नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, आमची फार चरफड झाली.

नंतर मी सिस्टरना विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

"पाणी पी म्हटलं."

"एवढंच?"

"वॉर्डात पलंगाभोवती पडदा ओढला की पेशंट बोलतो. डॉक्टरला सांगत नाही ते सांगतो. आपण हं हं करायचं आणि शेवटी पाणी द्यायचं. चाळीत पडदा कुठून आणू?" असं म्हणून त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली.

त्यानंतर बोलणाऱ्यांची रीघ लागली. बारावीत आपटलेला, मुलीचं जमत नाही म्हणून झुरणारा, भावाशी बोलणं टाकलेला. गणपतीत मंडपासाठी गाडी बाहेर रस्त्यावर न्यावी लागायची, आणि माझ्या नोंदीप्रमाणे वर्षातली सगळ्यात जास्त भांडणं चाळीत त्याच दिवसांत व्हायची.

मीही बसलोय त्या बाकावर. विमा कंपनीतली पगाराची नोकरी गेली आणि घरी सांगायचा धीर होत नव्हता, तेव्हा. रोज डबा घेऊन निघायचो आणि पाच उद्यान नावाच्या बागेत बाकावर बसून खायचो. सिस्टरनी मूठ फिरवली. मी बोललो. त्यांनी हं केलं, स्टीलची बाटली पुढे केली, आणि मग नेहमीपेक्षा एक वाक्य जास्त बोलल्या. "बायकोला घेऊन ये. खोलीत तुझी आई असते, कसा बोलशील? मी उतरते."

आम्ही दोघं गाडीत बसलो. सिस्टर बाहेर गाडीकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. जवळ येणाऱ्या प्रत्येकाला भुवयांनीच परत पाठवत होत्या. त्या दिवशी बायकोने माझा हात धरला तो अजून सोडलेला नाही, आणि त्यात त्या पाठीचा वाटा आहे.

मग व्हायचं ते झालं. त्या कंपनीने भारतातल्या ह्या गाड्या बंद केल्या. नाव दुसऱ्यांदा गेलं. बातमी सांगायला मीच गेलो, थोडा तोऱ्यातच. सिस्टर म्हणाल्या, "इतकी वर्षं बेशुद्ध असलेला पेशंट. उठल्या उठल्या पळवायला गेले, मग काय होणार?" आणि गाडीची काच पुसायला लागल्या.

त्यानंतर काही दिवसांतच क्लच गेला. लालबागचा फ्रान्सिस मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि बराच वेळ खालूनच बोलत राहिला. "सिस्टर, टेन्शन नाय घ्यायचा. नाव गेला, फॅमिली नाय गेली. हिच्या मोठ्या बहिणीचा, त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा, पार्ट बसेल. पण वेळ लागेल, शोधायला पायजे." गाडी जाग्यावर ठप्प झाली. आमचं काही अडलं नाही. काचा चालू होत्या.

अडलं ते चाळ पाडायची ठरली तेव्हा. नोटिसा लागल्या, भाड्याची घरं शोधायची धांदल उडाली. कुणी डोंबिवलीला, कुणी भांडुपला. मला नायगावात मिळालं, तेही पार्किंगच्या जागेसकट, म्हणजे स्कूटरवाल्याला चैनच. सिस्टरना विचारलं की म्हणायच्या, "माझं झालंय." कुठे, ते सांगायच्या नाहीत. चौक रिकामा करा, नाहीतर गाडी भंगारात जाईल, असं बिल्डरचा माणूस दोनदा येऊन सांगून गेला.

एका दुपारी मी खाली आलो तर सिस्टर गाडीत. पण स्टिअरिंगमागे नाही. डाव्या बाजूला, आम्ही बसायचो त्या जागी. काच उघडीच.

मी जाऊन उजवीकडे बसलो. काय करावं सुचेना, म्हणून माझ्या बाजूची काच वर घेतली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आपली वर घेतली.

"आता बोला, सिस्टर," मी म्हटलं.

"वेंगुर्ल्याला चाललेय. बहिणीकडे." मग म्हणाल्या, "इथे एकट्या म्हातारीला कोण घर देतंय? आज मेली तर काय, म्हणून घाबरतात. तसं वाईट काही नाही रे. बहीण चांगली आहे. घर मोठं, मागे माड, सगळं मोकळं."

"हं."

"तेच तर. तिथे सगळं मोकळं. तिथे कुणाला काच वर करून बोलायची गरज नाही. माझ्याकडे कोण येणार?" त्या समोरच्या बदामाकडे बघत होत्या. "सगळा जन्म माणसं माझ्याजवळ बसून बोलली. कुणी बोललं नाही तर मी काय करायचं, ते मला येतच नाही रे."

माझ्या जिभेवर दहा सल्ले आले. देव साक्षी आहे, मी एकही दिला नाही. बाटली शोधली, ती त्यांच्याच पायाशी होती. "पाणी प्या," म्हटलं. त्या प्यायल्या. मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

फ्रान्सिसला पार्ट मिळाला, तोही सामान हलवायच्या आठवड्यात. सिस्टरनी स्वतः गाडी नायगावला आणून लावली. दुसऱ्या गिअरमध्ये. मी शेजारी जीव मुठीत धरून बसलेला. मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वैतागला. सिस्टर आरशात बघून म्हणाल्या, "वाजव, वाजव. पेशंटला घाई नाही, तुका कसली?" माझ्या बिल्डिंगखाली त्यांनी छत्रीचा दांडा ओढला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"विकू नको. चालव, नको चालवू, तुझी मर्जी. कुणाला बसायचं असेल तर बसायला दे."

त्या गेल्या. दर रविवारी फोन यायचा. इंजिन, बॅटरी काही विचारायच्या नाहीत. "काचा चालतात ना?"

"चालतात."

"कोण बसलं?"

आणि मला म्हणावं लागायचं, "नाही अजून कुणी." मग त्या माडांचं, बहिणीच्या गुडघ्यांचं बोलायच्या. आवाज ठीकठाक असायचा, म्हणजे पूर्वीसारखा नसायचा. एकदा वाटलं, खोटंच सांगावं कुणीतरी बसलं म्हणून. पण विम्याच्या धंद्यात असलो तरी सिस्टरशी खोटं बोलायची माझी छाती नाही.

पावसाळा उलटल्यावर एका शनिवारी स्नेहलचा फोन आला. डोंबिवलीहून. "दादा, सिस्टरची गाडी तुमच्याकडेच आहे ना? मी येऊ? जरा बसायचंय."

ती आली. चेहरा ओढलेला. म्हणाली, "नव्या घरात बेडरूम आहे, दाराला कडी आहे, सगळं आहे. पण सिस्टरना फोन लावला की तोंडातून शब्दच फुटत नाही. नुसतं जेवलात का, पाऊस आहे का. म्हटलं, गाडीत बसून बघावं."

ती डावीकडे बसली. सवयीने काच वर घेतली. मी उजवीकडे बसलो आणि माझं लक्ष त्या प्लास्टिकच्या चिमट्याकडे गेलं, ज्याला अख्खी चाळ हसली होती. मी माझा मोबाइल काढला, वेंगुर्ल्याचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन चिमट्यात अडकवला. तो असा घट्ट बसला की जपानी भागीदारांना हात जोडावेसे वाटले.

"काय रे, आज शनिवारी?" सिस्टरचा आवाज आला.

"सिस्टर, स्नेहल आलीय. गाडीत बसलीय."

पलीकडे घसा खाकरल्याचं ऐकू आलं.

"काच वर घेतलीस गो?"

"घेतली," स्नेहल म्हणाली.

"आणि तू रे? तुझी बाजू?"

मी मूठ फिरवून माझी काच वर घेतली. "घेतली, सिस्टर."

"मग उतर खाली."

मी उतरलो, दार लावलं. मागून "आता बोल" एवढं अर्धंमुर्धं ऐकू आलं आणि मग काहीच नाही. मी गाडीकडे पाठ करून हाताची घडी घातली. आमचा वॉचमन चौकशी करायला येत होता, त्याला भुवयांनी परत पाठवायचा प्रयत्न केला. जमलं नाही, हाताने हाकललं.

बऱ्याच वेळाने मागे करकर आवाज झाला. वळून पाहिलं तर स्नेहलची काच खाली आली होती. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि चेहऱ्यावर भोईवाड्यात गाडीतून उतरताना असायचं तेच हसू.

"दादा, पाणी आहे का? सिस्टर म्हणतायत, पाणी पी."

गाडीत बाटली ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. मी जिन्याकडे धावलो.