पत्ते वाटणारी दुसरी पेटी

वाचनालयात तिला सगळे डिंकताई म्हणत. बावीस वर्षं ती फाटक्या पुस्तकांची बांधणी करत होती. वाचकांच्या खोलीतले अकरा जुने संगणक रडतखडत चालायला लागले, तेव्हा त्यांच्यात फुकट मिळणारी नवी सिस्टिम घालायचं काम तिनंच मागून घेतलं.

ग्रंथपाल हसले. "ताई, हे काय पुठ्ठा बदलण्याइतकं सोपं वाटलं?"

"पुठ्ठा बदलणं सोपं असतं असं कोण म्हणालं तुम्हाला?" ती म्हणाली.

सिस्टिम घालताना एका टप्प्यावर पडद्यावर ओळ येई: नेटवर्कचा पत्ता आपोआप घेत आहे. कोपऱ्यातल्या राउटरची पेटी संगणकाला आकड्यांचा एक पत्ता देई, आणि उरलेलं सामान इंटरनेटवरून उतरू लागे. चार संगणक सुतासारखे सरळ आले. पाचव्याला पत्ता मिळाला, पण सामान काही उतरेना. सहावा चालला, सातवा पुन्हा अडला.

देखभालीच्या कंत्राटदाराचा इंजिनियर आला आणि उभ्याउभ्याच निकाल देऊन मोकळा झाला. "नेटवर्कची कार्डं गेलीत. भंगारात काढा."

ग्रंथपालांना तेच हवं होतं. त्या खोलीत त्यांना बैठकीचं मोठं टेबल टाकायचं होतं. "ऐकलंत ना, ताई? नाद सोडा."

तिनं नाद सोडला नाही. प्रत्येक संगणकाला मिळालेला पत्ता तिनं कागदावर उतरवला. चाललेल्यांचे पत्ते दहानं सुरू होत होते, अडलेल्यांचे एकशे ब्याण्णवनं. ती इंजिनियरला म्हणाली, "दोन पेट्या पत्ते वाटतायत. जी आधी उत्तर देईल, तिचा पत्ता लागतो. आणि दुसरीकडून इंटरनेटला वाटच नाही. एका घरात दोन कारभारी झालेत."

तो चपापला. "मग हातानं टाका ना एकेकाला पत्ता. भागेल तेवढ्यानं."

"आतली शिवण उसवली असताना वरून कागद चिकटवू? मला नाही जमायचं."

सगळ्या वायरी जिथे एकत्र येत, त्या जोडपेटीतून तिनं त्या एकेक करून काढल्या आणि दर वेळी अडलेल्या संगणकावर पुन्हा पत्ता मागितला. नववी वायर काढली आणि दहाचा पत्ता आला. ती वायर भिंतीकडेनं थेट ग्रंथपालांच्या केबिनमध्ये गेली होती. कपाटामागे एक नवी कोरी वायफायची पेटी होती. साहेबांनी घरून आणून स्वतःच जोडलेली, तीही चुकीच्या खाचेत.

"हात लावू नका! माझी आहे ती," ग्रंथपाल ओरडले.

"पेटी तुमची, साहेब. वाचनालय नाही." तिनं प्लग उपटला.

संध्याकाळी मेमो आला: परवानगीविना केबिनमध्ये प्रवेश, उद्धट वर्तन; लेखी माफी मागावी. तिचा नवरा शिंपी. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "लिही की एक ओळ. काय झिजतं?"

"मीच झिजते."

नवऱ्यानं पाय थांबवला. "मग नको लिहूस," तो म्हणाला आणि पुढची शिवण घातली.

तिनं माफी लिहिली नाही. काय घडलं ते चार ओळींत लिहिलं. दोन दिवसांत दहा संगणक सुरू केले. अकराव्याचं कार्ड खरंच गेलं होतं, तेही तिनंच सांगितलं. वाचनालयाच्या समितीनं दोन्ही बाजू ऐकल्या, खोली वाचकांकडेच ठेवली, पण साहेबांचा मान राखायला तिला एक लेखी ताकीद काढली.

कारकुनानं ती सहीसाठी पुढे केली. तिनं वाचून परत सरकवली.

"सही नाही करत."

"ताई, मग मला तसं लिहावं लागेल."

"लिहा की."

त्यानं खाली लिहिलं: सही करण्यास नकार. तिनं कागद वळवून नीट वाचला.

"हे मात्र खरं लिहिलंत," ती म्हणाली, आणि त्या ओळीखाली ठसठशीत सही केली.

आता सकाळी ती बांधणी करते आणि दुपारी संगणकांच्या खोलीत बसते. साहेब तिच्याशी बोलत नाहीत. तिचं त्यावाचून काही अडत नाही.